एक हात लाखेचा

दिवाळी तोंडावर आली की घरोघर एक शब्द फार ऐकू येतो. तो शब्द म्हणजे 'हात'. भिंतीला रंगाचा एक हात द्यायचा, गजांना तेलरंगाचे दोन हात मारायचे, जुन्या कपाटावरून पॉलिशचा हात फिरवायचा. नव्या पद्धतीचे रंगारी 'हात' न म्हणता 'कोट' म्हणतात. इंग्रजाला वस्तूला अंगरखा घालावासा वाटला आणि आपल्याला तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, असे मी वर्गात गमतीने सांगतो. मुले हसतात, आणि मीही तास संपला की ते विसरतो. मराठी शिकवणाऱ्या माणसाचा हा धंदाच आहे. पण या शब्दाला अक्षरशः जागणारी एक वस्तू गेल्या वर्षी मी डोळ्यांनी पाहिली, आणि तेव्हापासून तो विनोद वर्गात सांगताना माझा सूर थोडा बदलला आहे. ती वस्तू म्हणजे लाख.

लाखेपर्यंत मी पोचलो तो आत्याच्या तंबोऱ्यामुळे.

आत्या नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. तिने लग्न केले नाही. गाण्याची तिला विलक्षण ओढ. घरात तिच्या गाण्याला कोणी विरोध केला नाही. पण वाट करून द्यायलाही कोणी उठले नाही. १९६८ साली पगारातून साठवलेल्या पैशांनी तिने मिरजेहून जनानी तंबोरा आणला. त्यानंतर पन्नासएक वर्षे, शाळेच्या आधी आणि निवृत्तीनंतर चहाच्या आधी, ती रोज पहाटे त्या तंबोऱ्यापाशी बसली. ती कधी मैफलीत गायली नाही, रेडिओवर गेली नाही. तिचे गाणे ऐकले ते आम्ही अर्धवट झोपेत, आणि समोरच्या दूधवाल्याने. २०२२ साली ती गेली. तंबोरा माझ्या मुलीला द्यावा, एवढेच तिने सांगून ठेवले होते.

तंबोरा घरी आला तेव्हा त्याची गवसणी काढून आम्ही सगळे गप्प बसलो. वाजायला तो चांगला होता, पण अंगावरची झळाळी पार गेलेली. दांडीवर काळपट थर, तबलीवर धुक्यासारखी झाक, आणि भोपळ्याच्या वरच्या अंगाला, जिथे वाजवणाऱ्याचा उजवा हात टेकतो तिथे, तळहाताएवढी जागा उघडी पडलेली. पॉलिश झिजून आतला भोपळा दिसत होता. पन्नास वर्षे एकच हात एकाच जागी टेकला होता.

आमच्याकडे फर्निचरचे काम करणारे एक मिस्त्री आहेत. माणूस हुशार आणि कामाला चोख. त्यांनी तंबोरा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "सर, हे सगळं घासून साफ काढतो. दोन हात सीलर, वरून पीयू. आरसा होईल. दहा वर्षं बघायला नको."

सौ.ला हे पटले. मी थोडा घुटमळलो, तेव्हा तिने रोखठोक विचारले, "मुलीनं वापरायचाय ना? मग नीट करून वापरू दे. आठवण म्हणून कोपऱ्यात उभा करायचा असेल तर तसं सांगा, मी त्याला हार घालते." या बोलण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. वस्तूवर प्रेम करायचे आणि तिला मळकट ठेवायचे, ही पुस्तकी माणसाची हौस असते, हे मला माहीत आहे.

मुलगी मात्र तंबोरा मांडीशी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बाबा, ही जागा माझ्या हाताला बरोबर येते." त्या उघड्या जागेवर तिचा हात टेकला होता. चौदा वर्षांची मुलगी. तिने हे सहज सांगितले. पण मग घासण्याचा विषय त्या दिवशी पुढे सरकला नाही. ज्यांनी केला त्यांनाच विचारू, असे ठरले आणि आम्ही मिरजेची गाडी धरली.

पुण्याहून मिरजेला तंबोरा नेणे म्हणजे एखाद्या मानी वृद्ध नातेवाइकाला नेण्यासारखे आहे. त्याला खिडकीची जागा लागते, त्याच्यावर कोणी रेलून चालत नाही, आणि प्रत्येक स्टेशनावर कोणीतरी त्याची चौकशी करतो. साताऱ्यापर्यंत त्याने तीन अनोळखी माणसांना आपापल्या गाण्याच्या क्लासच्या आठवणी सांगायला लावल्या.

मिरजेची सतारमेकर गल्ली गाण्यातल्या लोकांना ठाऊक आहे. तिथली परंपरा अशी सांगतात की, सुमारे १८५०च्या आसपास फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने, म्हणजे शस्त्रांना धार आणि पाणी देणाऱ्या कारागिराने, वाद्ये दुरुस्त करता करता ती घडवायला सुरुवात केली. तलवारी म्यानात गेल्या होत्या. हात रिकामे होते. पंढरपूरच्या बाजूचे मोठे भोपळे, तुणीचे लाकूड आणि हे शस्त्र घासणारे हात यांतून जे निघाले ते देशभर गेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

ज्यांच्याकडे आम्ही गेलो ते सत्तरीचे कारागीर. गल्लीत त्यांना सगळे चाचाच म्हणतात, आम्हीही तेच म्हणालो. चाचांनी तंबोरा हातात घेतला. मिस्त्रींनी सांगितलेले मी त्यांना सांगितले. त्यांनी काही उत्तर दिले नाही. एका चिंधीवर स्पिरिटचे दोन थेंब घेतले आणि भोपळ्याच्या मागच्या बाजूला, सहसा दिसणार नाही अशा ठिकाणी, हलकेच चोळले. चिंधीला तांबूस डाग आला. बोट लावून पाहिले तर ती जागा किंचित चिकट झाली होती.

"लाख हाय," ते म्हणाले. "खरवडायचं कशाला? लाख कधी खरवडत न्हाईत. लाखेला लाखेत मिळवायचं."

सीलर, पीयू, मेलामाइन ही जी आजची पॉलिशे आहेत, ती वाळताना त्यांच्यात रासायनिक बदल होतो आणि थर घट्ट होऊन बसतो. एकदा बसला की तो पुन्हा विरघळत नाही. त्यावर दुसरा थर दिला तर तो वर बसतो, आत शिरत नाही. म्हणून ओरखडा पडला की बहुधा ती सबंध बाजू घासूनच पुन्हा सुरुवात करावी लागते. लाखेचे तसे नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, स्पिरिट उडून गेले की मागे लाख उरते, आणि पन्नास वर्षांनी पुन्हा स्पिरिट लागले की पुन्हा मऊ होते. त्यामुळे नवा हात दिला की त्यातल्या स्पिरिटने खालचा जुना थर किंचित सुटतो आणि दोन्ही एकजीव होतात. दहा हात दिले तरी थर एकच.

हे ऐकून मला पुस्तकात वाचलेला आणि रोजच्या बोलण्यात वापरलेला तो शब्द पहिल्यांदा नीट कळला, असे म्हणायला हरकत नाही. लाख मराठीत किती ठिकाणी लपून बसली आहे पाहा. मोहोरबंद पत्राला आपण लाखोटा म्हणतो, तो लाखेनेच बंद केलेला. आजीच्या पोकळ पाटल्यांत लाख भरलेली असे, आणि मोड विकताना सोनार तिचे वजन वजा करी. तेवढ्यावरून केवढी भांडणे होत! सावंतवाडीच्या रंगीत खेळण्यांवर चढते तीही लाखच. लाकूड चरकावर फिरते, त्यावर लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून अंगभर पसरते. नवरीच्या पावलांचा अळता मुळात लाखेच्या तांबड्या रंगाचा. आणि वारणावतात पुरोचनाने पांडवांसाठी बांधले ते लाक्षागृह तर शाळकरी मुलालाही माहीत आहे. पत्र जपणारी, सोने सावरणारी आणि घर जाळणारी वस्तू एकच!

आणि हे सगळे येते कुठून, तर एका किड्यापासून. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात. खसखशीच्या दाण्याहूनही लहान. एकदा फांदीत सोंड रुतवली की मादी तिथून हलत नाही. झाडाचा रस शोषते आणि अंगातून राळ सोडत राहते. ती राळ तिच्याभोवती घट्ट होते. त्या कवचात तिची पिल्ले वाढतात आणि त्यातच ती मरते. शेजारीशेजारी बसलेल्या हजारो किड्यांची कवचे एकमेकांत मिसळून फांदीवर जाड साल चढल्यासारखी दिसते. झारखंड, छत्तीसगड, बंगालचा पुरुलिया भाग, आणि आपल्याकडे गोंदियाच्या बाजूची राने, इथे हे पीक घेतात. होय, पीकच. त्याची नावेही महिन्यांवरून आहेत: बैसाखी, जेठवी, कतकी, अगहनी. कतकी म्हणजे कार्तिकातले. आपण घरात चकल्या तळत असतो त्याच सुमाराला कुठल्यातरी पळसाच्या रानात आदिवासी बायामाणसे लाखेच्या फांद्या तोडत असतात.

फांदीवरची लाख खरवडून कुटतात, धुतात. धुताना तांबडा रंग निघून जातो. एके काळी याच रंगाला मोठी मागणी होती. एकोणिसाव्या शतकात कारखान्यातले कृत्रिम रंग आले, रंग मागे पडला आणि उरलेली राळ मोलाची ठरली. ही धुतलेली दाणेदार लाख कापडाच्या लांब, अरुंद पिशवीत भरून निखाऱ्यांच्या भट्टीसमोर पिळतात. वितळलेली लाख कापडातून पाझरते. मग ती ऊन आहे तोवर कारागीर तिची चादर ताणतो. दोन हातांनी, दोन पायांनी आणि दातांनी धरून. ती पापडासारखी पातळ, मधाच्या रंगाची चादर थंड झाली की तिचे तुकडे करतात. हाच चपडा. पुरुलियातल्या बलरामपूर आणि झालदा या गावांची या धंद्यात मोठी ख्याती. रांचीजवळ नामकुमला तर लाखेच्या संशोधनासाठी १९२४ सालीच संस्था निघाली.

चाचांच्या दुकानात हा चपडा एका पत्र्याच्या डब्यात होता. आदल्या रात्री मूठभर स्पिरिटमध्ये भिजवून ठेवला होता. त्यांनी तो फडक्यातून गाळला. मग कापसाचा बोळा केला, त्याला लाख पाजली, वरून जुन्या धुवट मलमलीचा तुकडा गुंडाळला आणि चिमटीत धरून तळ गुळगुळीत केला. मलमलीवर जवसाच्या तेलाचे नुसते बोट लावले. तेल कशाला, असे मुलीने विचारले. "न्हाईतर बोळा चिकटतो, बेटा. लाख धरून ठेवती, तेल सोडवून नेतं."

आणि हात सुरू झाला. बगळा पाण्यावर उतरतो तसा बोळा एका टोकाने तिरका उतरला, गोल फिरत दांडीभर गेला आणि दुसऱ्या टोकाने उचलला गेला. मध्ये कुठे थांबणे नाही. थांबला की खालची लाख सुटते आणि डाग पडतो. एका हाताची जाडी ती काय असणार! कांद्याच्या पापुद्र्याला जाड म्हणावे इतकी पातळ. पाचसहा हात झाले की चाचा तंबोरा बाजूला ठेवत आणि दुसरे काम घेत. लाखेला विसावा लागतो. दुसऱ्या दिवशी बारीक पॉलिश पेपर नुसता फिरवायचा आणि पुन्हा बोळा. पावसाळ्यात तर हे काम ते घेतच नाहीत; हवेत ओल असली की पॉलिशवर पांढुरकी झाक उमटते. नवरात्राच्या सुमाराला हवा कोरडी झाली की बोळे बाहेर निघतात.

पातळ थराचा हा हट्ट दिसण्यापुरता नाही. तबली म्हणजे तंबोऱ्याची छाती. तिच्यावर जाड कवच चढवले की तिला मोकळेपणी कंप पावता येत नाही, असे चाचांचे म्हणणे. युरोपातही हाताने गिटार घडवणारे कित्येक कारागीर याच कारणासाठी आजही लाखेचे पॉलिश करतात. एरवी पीयूशी चाचांचे वैर नाही. त्यांचाच मुलगा शेजारच्या खोलीत पंपाने पॉलिश मारत होता. गिऱ्हाईक चकाकी मागते, घाई करते, आणि लाखेच्या कामाला लागणारे दिवस कोणी मोजून देत नाही. शिवाय लाखेला दोष आहेतच. ऊन लागले की मऊ पडते, पाणी साचले की डागाळते, गरम कप ठेवला की पांढरे कडे उमटते. आमच्या जेवणाच्या टेबलाला आमच्या मिस्त्रींचेच पॉलिश योग्य, हे मी कबूल करतो. त्यावर कोणी गात नाही, सांडतात मात्र सगळेच.

दुपारी चाचा भोपळ्याकडे वळले. त्या उघड्या जागेवर त्यांनी अंगठा फिरवला. "कोण वाजवायचं?" मी सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोकळं ठेवून चालणार न्हाई. घाम भोपळ्यात उतरंल. पर रंग लावून झाकत न्हाई मी."

त्यांनी नुसत्या स्पिरिटने ओलावलेला बोळा घेतला आणि त्या जागेच्या भोवतालची जुनी लाख चोळून मऊ केली. सगळीकडून थोडी थोडी ती त्या उघड्या जागेवर आणली. मग वरून नव्या लाखेचे पातळ हात. भोवतालचा गडद तांबूस रंग त्या जागी फिका होत गेला, पण कडा राहिली नाही. आत्याचा हात जिथे नव्हता तिथली लाख आता तिच्या हाताच्या जागी आली होती. सौ. हे सगळे स्टुलावर बसून पाहत होती. ती मला हळूच म्हणाली, "मला वाटलं होतं, नवं करायचं म्हणजे जुनं काढावंच लागतं."

दोन आठवड्यांनी तंबोरा न्यायला या, असे चाचांनी सांगितले. गाडीला अवकाश होता म्हणून आम्ही मीरासाहेबांच्या दर्ग्याकडे गेलो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर तिथे आहे. १९३७ साली ते गेले. वाद्यांच्या दुरुस्तीत ते स्वतः वाकबगार होते असे सांगतात. तिथे उभे असताना मला आठवले की त्यांचा आवाज आपल्यापर्यंत आला तोही लाखेतूनच. ७८ फेऱ्यांच्या त्या काळ्या तबकड्या लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या असत. १९०८ साली कलकत्त्यात त्यांचा कारखाना निघाला. पडली की तबकडी फुटायची, आणि फुटली की सांधता येत नसे. आत्याचा आवाज कुठल्याच तबकडीवर नाही. घरातल्या कोणाला तो टिपून ठेवण्याचे सुचले नाही; मोबाइल खिशात आल्यानंतरही सुचले नाही. तिच्या गाण्याची म्हणावी अशी एकच खूण होती, ती भोपळ्यावरची झिजलेली जागा. ती आम्ही घासून टाकणार होतो, आणि नुसती जपून ठेवली असती तर घामाने भोपळा खराब झाला असता. चाचांनी तिसरी वाट दाखवली.

दसऱ्यानंतर तंबोरा घरी आला. आरसा काही झालेला नाही. दिव्याखाली धरला तर प्रकाश अंगावरून न घसरता थोडा आत शिरून परत येतो. भोपळ्यावरची ती जागा फिकी दिसते. ठाऊक नसलेल्या माणसाला दिसायची नाही. बोटांना मात्र तिथला किंचित खोलगटपणा अजून लागतो. मुलगी पहाटे उठत नाही, संध्याकाळी बसते. बसली की तिचा हात आपोआप तिथे जातो. रियाज झाला की कोरड्या फडक्याने पुसायचे, उन्हात ठेवायचे नाही, एवढीच चाचांची अट.

निघताना त्यांनी मुलीला चपड्याची एक पुडी दिली आणि बोळा कसा बांधायचा ते दोनदा करून दाखवले. "बारीकसारीक ओरखडा आला तर मिरजेला कशाला येतीस? घरी हात दे. चुकला तर स्पिरिटनं पूस अन् परत दे. लाख रागवत न्हाई."

ती पुडी आमच्या फडताळात आहे. सौ.ने तिच्यावर तारीख घातली आहे, लोणच्याच्या बरणीवर घालते तशी. कोरडा चपडा थंड जागी पुष्कळ दिवस टिकतो; भिजवलेली लाख मात्र साठवून ठेवू नये, जुनी झाली की ती धड वाळत नाही, चिकट राहते. लागेल तेव्हा, लागेल तेवढीच भिजवायची. आत्याचा एक शिसवी चौरंगही आमच्याकडे आला आहे, त्याला येत्या रविवारी हात द्यायचे ठरले आहे. बोळा कोणी धरायचा, यावर मायलेकींचे अजून एकमत झालेले नाही.